लाल रंग, पिवळा पट्टा अन् माहा पायजमा

मुकुटबनहून सकाळची यष्टी पकडाले निंगालो, तं बायकोनं दारातूनच सांगतलं, "शिकूनच या. नाई शिकले तं दुकानाले कुलूप लावू अन् तुमी माह्या भावाच्या वावरात निंदाले जा."

मी म्हणलं, "तुह्या भावाची पऱ्हाटी (कपाशी) अन् तण मले सारखंच दिसते."

"म्हणून तं म्हणून राह्यली, शिकून या."

हे सारं सांगून राह्यलो मी, लिहून राह्यली थेच. माहा अन् पाटीचा लहानपणीच काडीमोड झाला. मधात एखांद्या जागी शिवी पाहिजे होती असं वाटलं, तं तिनं खाल्ली समजा.

माहं काम चामड्याचं. बैलाच्या गळ्यातले पट्टे करतो. पण त्या सालात कापसाचं काही खरं नव्हतं. मांगच्या हंगामात बोंडं अळीनं खाल्ले, अन् जे वाचलं त्याले कोणी इचारलं नाई. पोळ्याले लोकं नायलॉनचा पट्टा बांधूनशान मोकळे होत. साऱ्या गावातून माह्याकडे एकच काम आलतं, मानाच्या जोडीचे पट्टे. पोळ्याले तोरणाखाली सगळ्यात पुढं उभी राह्यते ना, ते जोडी. मालक देवरावबापू. बापू म्हणे, "मधात पिवळा, काठाले लाल. रेघ दुरून दिसली पाहिजे. जमत नसन तं आत्ताच सांग, पांढरकवड्याहून नायलॉन आणतो."

जमत नाई म्हणन तो मी कसला! पेन्सिलीनं मस्त सरळ रेघ मारली. मधात पिवळा भरला, काठाले लाल भरला. लाल जो सुटला, रेघीवरून उडी मारूनशान पिवळ्यात. पट्टा असा दिसे का बैलाले गोवर निंगाला.

बापूनं पाह्यलं. "हे काय हाय बे?"

"सूर्य उगवून राह्यला, बापू."

"बुडून राह्यला," बापू म्हणे, अन् पोळ्यापर्यंतची मुदत देऊन चालले गेले.

कोणी तरी सांगतलं का बोरी अरबले करीमचाचा हायेत, पहिले घोड्याचे खोगीर करत, त्याईची रेघ पाह्य म्हणे. म्हणून हा प्रवास. थैलीत तो गोवरवाला पट्टा, जोडीपुरतं उरलेलं कोरं चामडं, अन् लाल रंगाची शिशी. मंग मी डोकं चालवलं. शिशी सांडली तं चामडं खराब होईन, म्हणून शिशी पायजम्याच्या खिशात टाकली. पायजमा पांढरा, लग्नाकार्याचा.

जोडमोहा गावाच्या अंगाले यष्टी एका खड्ड्यात आदळली. मले गार वाटलं. मी म्हणलं, खिडकीची हवा हाय. बाजूची बाई खाली पाहे, मंग माह्या तोंडाकडं पाहे. शेवटी म्हणे, "भाऊ, तुमाले कुठी लागलं का?"

मी उठलो अन् तिनं किंकाळीच मारली. कंडक्टर धावत आला, मले मागून पाह्यलं अन् वरडला, "डायवर, गाडी दवाखान्यात घ्या! मानूस चालला!"

"रंग हाय जी, रंग!"

"मंग पोळ्याच्या तोंडावर शिमगा काहून करून राह्यले?"

सारी यष्टी हासली. बाहेर वावरात पऱ्हाटी डोपरभर (गुडघ्याएवढी) उभी होती, अन् आत लोकं पोट धरूनशान हासत होते. मांगच्या सीटवरचा एक बुढा डोये पुसत म्हणे, "यंदा यष्टीत कापसाबिगर गोठच (गोष्टच) निंगत नाई, बाप्पा. आज पहिल्यांदा हासलो." मले वाटलं, चाला, पायजमा वाया नाई गेला.

यवतमाळच्या स्टँडवर तर्री-पोहे घेतले. हॉटेलवाला म्हणे, "खुर्चीवर बसाचं नाई." उभ्यानंच खाल्ले. मंग दारव्ह्याच्या यष्टीत बोरी अरबपर्यंत दांडीले धरून उभा राह्यलो. थैली पुढं कमी, मांगंच जास्त धरली.

बोरीत सायकलवाल्यानं घर दाखवलं. करीमचाचा उंबऱ्यात बसून चप्पल शिवत होते. पट्टा हातात घेतला, इकडून तिकडून पाह्यला अन् वापस देल्ला. "मी कापतो, शिवतो. रंगाचं खातं घरात हाय." मंग आत पाहून म्हणे, "अजी सुनती हो? मुकुटबनहून पेशंट आला."

आतून सकीनाखाला आल्या, चाचाची बायको. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधेल, हात मनगटापर्यंत पिवळे.

"रेघ कायनं मारली?"

"पेन्सिलीनं, खाला."

"कायले?"

"रंगाले समजलं पाहिजे ना, कुठी थांबाचं थे."

"रंग शाळेत गेला होता?"

"नाई."

"तू?"

"मी बी नाई."

"मंग एक अनपढ दुसऱ्या अनपढले चिठ्ठी लिहून राह्यला, और क्या!"

चाचा खोकलेपर्यंत हासले. खाला म्हणे, "थे फडकं घे खुंटीवरचं." मी फडकं घ्याले वळलो अन् चाचाचं हासणं दुसऱ्यांदा सुरू झालं. खाला मात्र हासल्या नाई. जवळ आल्या, चष्मा नाकावर सरकवला. "हालू नको. तसाच राह्य."

"अजी, पराया मरद हाय," चाचा म्हणे.

"तुमी चुप बसा. मी शिवण पाहून राह्यली."

अन् खरंच, लाल रंग माह्या डाव्या बाजूनं सारा पसरला होता (इथला शब्द बायकोनं बदलला), पण मधातल्या शिवणीपाशी येऊनशान थांबला होता. उजवी बाजू पांढरी फटक.

"काहून थांबला सांग."

"लाजला असन."

"शिवण दोरा घट्ट आवळते, म्हणून. रंग धाग्याधाग्यातून चालते, चामड्यातबी तसाच. त्याची वाट तोडा लागते. वावरात इकडचं पाणी तिकडं जाऊ नये म्हणून तू काय करतं? धुऱ्यावर (बांधावर) पेन्सिल फिरवतं?"

"नाली काढतो."

"मंग काढ."

मी म्हणलं, "एखांदा रद्दी तुकडा द्या ना, खाला. माह्यापाशी जोडीपुरतंच चामडं हाय. हे गेलं तं दुकानच गेलं."

"म्हणूनच त्याच्यावर कर. हात जपून चालन."

रापीच्या (चामडं कापाच्या सुरीच्या) टोकानं वरची सालच तेवढी कापाची होती, आरपार नाई. मी श्वास धरून ठेवला. खाला म्हणे, "श्वास घे रे बावा, मरशील अन् रेघबी वाकडी येईन." मंग शिंगाच्या गुळगुळीत तुकड्यानं ते चीर दाबून बसवली. पिवळा पहिले, कारण लालवर पिवळा दिसत नाई. तो वाळला का चिरीच्या पिवळ्या अंगाले पातळ मेण. मंग लाल. मी सवयीनं ब्रश खालाच्या शिशीत बुचकळला तं खालानं बोटावर टोला देल्ला. "बालटी आणू का?" फडक्यावर ब्रश पुसपुसून कोरड्यासारखा केला, बाहेरच्या काठापासून सुरू केलं अन् रेघीच्या उलसाक (जरासं) अलीकडं थांबलो.

लाल आपल्या पायानं पुढं गेला. गेला, गेला, अन् चिरीपाशी उभा राह्यला. बायको आत कोणाशी भांडत असली का मी जसा दारात उभा राह्यतो, तसाच.

मी ब्रश हातातच धरून रेघीकडं पाहत राह्यलो.

"आता बोल ना," खाला म्हणे, "आतापर्यंत तं रेडिओ चालू होता."

दोन्ही पट्टे झाले, पण एका जागी, बकलापाशी, रेघ वाकडी झालती. मी बोट दाखवलं. खाला म्हणे, "ते बकलाखाली जाईन. बैल सांगत नाई कोणाले." मंग भाकर, वरण अन् ठेचा वाढला. माह्या बोटाचा लाल भाकरीले लागला. तिथं मातर कुठंच थांबला नाई.

वापस आलो चाचाच्या लुंगीत. बायको दारात. "पायजमा कुठी हाय?" मी पट्टे तिच्या हातात देल्ले. तिनं रेघीवर नख फिरवलं, मंग म्हणे, "चहा मांडते."

पोळ्याले जोडी धुतली, पट्टे बांधले, अन् तोरणाखाली उभी केली तं वरून भुरभुर सुरू झाली. पाण्याचे थेंब पट्ट्यावरून खाली सरकत होते अन् माहा जीव त्याईच्या मांगं मांगं. देवरावबापूनं खांद्यावरचा पांढरा गमछा काढला, साऱ्या गावासमोर पट्ट्यावर दाबून पुसला अन् उघडून पाह्यला. गमछा कोरा पांढरा.

"आता उगवला," बापू म्हणे.

तो पायजमा बायकोनं फेकला नाई. दुकानात टांगून ठेवला, शिवणीची बाजू पुढं. लोकं इचारतात हे काय हाय, मी म्हणतो माहं सर्टिफिकेट. शिकाले गेलो बोरीले, अन् शिकवणी रस्त्यातच अंगावर सांडली होती. मले मातर आपल्या मांगचं दिसत नाई, ते दाखवाले खाला पाहिजे होत्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खालच्या आळीतला महादू आला. पायजम्याची शिवण बोटानं चाचपली. मंग म्हणे, "माह्या घरी औंदा एकच बैल राह्यला, भाऊ. पण त्याचा पट्टा दोन रंगाचा कर. पुढच्या साली याले जोडीदार बैल आणला का त्याले हा पट्टा दाखवाले पाहिजे."

मी रापी घेतली, धार लावली, अन् नाली काढाले बसलो.