निर्दोष गुडघ्याला डाग

यावलला केळीचे घड वाहून वाहून माझा उजवा गुडघा ठणकू लागला. सासूने विळा चुलीत लालबुंद केला. नवरा माझ्या पायांवर बसला, जावेने हात दाबून धरले आणि सासूने गुडघ्यावर तीन डाग दिले. कातडी चर्रकन जळाली. जखम चिघळली, तेव्हा कुठे मला जळगावला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्या म्हणाल्या, "गुडघ्याचा काही दोष नाही. मांडीचा आतला स्नायू लुळा पडलाय, बाहेरचा दांडगा झालाय. त्यांच्या ओढाताणीत वाटी घासते."

त्यांनी घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय झाडायला शिकवलं. आता रोज सकाळी ओट्यावर बसून मी तोच पाय सणसणीत झाडते. नवरा लांब भिंतीला चिकटून चहा पितो.