बारा जास्तीची नामे

माझा देवावर विश्वास होता, पण त्याहून थोडा जास्त आकड्यांवर. नाशिकला ताईच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा मी दत्तगुरूंपुढे संकल्प केला: एकवीस दिवस, रोज अकरा माळा, म्हणजे अकराशे अठ्ठ्याऐंशी नामे. एक दिवस जरी चुकला तरी सगळे व्यर्थ, अशी माझी पक्की समजूत. बायको ताईच्या मदतीला गेली होती आणि दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी मी एकटाच होतो. खालच्या मजल्यावर वसईचा विल्सन राहतो, माझा चौदा वर्षांपासूनचा मित्र. तो रोज टोमणा मारी, की तू भक्ती करतोस की देवाकडे हजेरी लावतोस?

एकविसाव्या दिवशी सकाळी, जपाला बसण्याआधीच, पोटात असह्य कळ आली. अपेंडिक्स. विल्सनने हॉटेलची ड्युटी सोडून मला रुग्णालयात नेले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आत्ताच करावे लागेल. ताईचे दुसऱ्या दिवशी होते. खरे सांगतो, स्ट्रेचरवर मला जिवापेक्षा राहिलेल्या माळांचीच धास्ती होती. तसे विल्सनला सांगताना रडू आले.

"यल्ला, चल, तू आत जा," तो म्हणाला. "बाकीचं मी बघतो."

शुद्धीवर आलो तेव्हा दुपार कलली होती. विल्सन शेजारीच बसला होता, हातात त्याची रोझरी.

"तुझी माळ घरी राहिली," तो म्हणाला. "माझ्या माळेत दहा-दहा मण्यांचे पाच गट, म्हणजे पन्नास. येशूला विचारून घेतलं आणि चोवीस फेऱ्या 'श्री गुरुदेव दत्त' म्हटलं. बाराशे झाले. बारा जास्तीचे, माझ्याकडून ताईला."

माझ्या डोळ्यांत पाणी आले, तरी मनातली शंका जाईना. दुसऱ्याने केलेला जप आपल्या संकल्पात धरतात का? संध्याकाळी फोनवर मी तेच ताईला विचारले. उद्या जिची छाती उघडणार होती, ती हसली.

"चौथीत तुला ताप होता, तेव्हा एकोणतीसचा पाढा दहा वेळा तुझ्या वहीत मी लिहिला. तेव्हा विचारलंस का रे, चालेल का म्हणून?"

ताई सुखरूप घरी आली. कोणाच्या जपाने, हे मी शोधत नाही. एक बहीण जन्माने मिळाली, एक मित्र परदेशात भेटला. पण माझे अर्धे राहिलेले काम दोघांनीही न विचारता स्वतःचे मानले. मला तर ते साधे स्वीकारताही येत नव्हते.

आजही अकरा माळा मोजूनच करतो. मग माळ खाली ठेवतो आणि आणखी काही नामे घेतो, विल्सनसाठी. ती बारा होतात की वीस, ते दत्तगुरूंनाच ठाऊक.