घाण्याचा सोमवार

ताडकळसला बाजाराच्या मागच्या अंगाला एक पत्र्याची वखार आहे. तिच्या दारात आलेला माणूस आधी खोल श्वास घेतो आणि मग ‘शरणार्थ’ म्हणून नमस्कार करतो. करडईच्या ताज्या तेलाचा वासच तसा असतो. आत बाभळीच्या बुंध्याचं कंबरभर उंच उखळ आहे, आणि त्यात तिरकी उभी लाट, म्हणजे जाड लाकडी मुसळ. उखळात करडई ओतायची, लाट फिरू लागली की ती बी चिरडत जाते, आणि तासाभरानं खालच्या पन्हाळीतून तेल उतरतं. एका वेळी बारा किलो बी. त्यालाच एक घाणा म्हणतात. बारा किलो सुरू केले की पुरे करायचे. मध्येच थांबलं तर ओली पेंड लाटेला धरून बसते आणि मग ती पहारीनं खरवडावी लागते.

हा घाणा सांबप्पांचा. त्यांच्या बापाच्या काळात लाट बैल फिरवायचा. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर झापडं असतात, नाहीतर गोल फिरून त्याला घेरी येते. पण सोमवारी झापडं खुंटीला. बैलाला अंघोळ, कपाळाला विभूती, गूळ-भाकरी आणि दिवसभर चिंचेची सावली. “सहा दिस आपुन त्याचे डोळे बांधतो,” बाप म्हणायचा, “सातव्या दिशी त्याला शंकराचं तोंड बघू द्यावं.”

शेवटचा बैल मरून अठरा वर्षं झाली. त्याच्या जागी मोटार आली, पट्टा आला. झापडं अजून त्याच खुंटीला आहेत, आणि सोमवारही तसाच राहिला. सोमवारी सकाळी सांबप्पा मोटारीला विभूतीची तीन बोटं ओढायचे आणि वखारीला कुलूप घालायचे.

“आप्पा, मोटारीला कशाचा सोमवार?” आडतवाला बन्सीधर त्यांना डिवचायचा. “तिच्या काय डोळ्याला झापडं हायत का?”

“तिच्या न्हाईत बाबा,” सांबप्पा म्हणायचे. “माज्या हायत.”

मधली काही वर्षं वाईट गेली. पिशवीतलं तेल स्वस्त झालं आणि लोक घाण्याची वाट विसरले. रानातली करडईही आटली. तिला काटे फार, काढणीला मजूर मिळेना. शेतकरी सोयाबीनकडं, हरभऱ्याकडं वळला. सांबप्पांचा मुलगा शिवकांत पुण्याला एका कारखान्यात ठेक्यावर लागला. त्याची बायको रुद्राणी मात्र ताडकळसलाच राहिली. बी.कॉम. झालेली, गंगाखेडची पोर. तिनं एके दिवशी फिरत्या लाटेचा व्हिडिओ काढून कुठं कुठं पाठवला, आणि महिन्याभरात पुण्याच्या एका दुकानदाराचा फोन आला. शहरातल्या लोकांना आता लाकडी घाण्याचंच तेल हवं होतं.

पहिल्या खेपेला चार डबे गेले. मग बारा. मग तीस. डब्यावर चिकटवायला सांबप्पांच्या नावाचा छापील कागद आला. तो पहिला कागद त्यांच्या बायकोनं, मल्लम्मानं, देव्हाऱ्यात ठेवला. “मेल्यावर छापायचं नाव जित्तेपणी छापलं की हो तुमचं,” ती म्हणाली, आणि नवरा-बायको कितीतरी वेळ हसत बसली.

पण पुण्याचा दुकानदार पैसे नव्वद दिवसांनी द्यायचा. बुडवायचा नाही. चांगला माणूस होता. पण नव्वद दिवसांनी. आणि करडई रोखीची. चार डब्यांची करडई सांबप्पा खिशातून घेत. बारा डब्यांना गाय गेली. तीस डब्यांना मल्लम्माच्या पाटल्या गेल्या. धंदा वाढत गेला तसा हात रिकामा होत गेला. हे कोडं त्यांना सुटेना. धंदा नव्हता तेव्हा चार पैसे गाठीला असत. आता मागणी दाराशी उभी, आणि बी घ्यायला काही नाही.

“मामा, ह्याला धंदा बुडणं म्हणत नाहीत,” रुद्राणी म्हणाली. “ह्याला धंदा वाढणं म्हणतात. वाढायला बँक लागते.”

तिनं बँकेत अर्ज केला. करडई वर्षातून एकदाच येते, शिमग्याच्या आगेमागे. तेव्हा जी भरली ती वर्षभर फिरवायची. नाही भरली तर घाणा पुढच्या शिमग्यापर्यंत मुका. बन्सीधरनं आसपासच्या गावांतून चाळीस क्विंटल देशी करडई गोळा करून ठेवली होती. “आप्पा, पाडव्यापोतर हात लावू देत न्हाई कुणाला,” तो म्हणाला. “पाडव्याला रोख आना, उचला. जबान दिली.”

पाडव्याला तीन आठवडे होते तेव्हा बँकेचा तपासणीवाला साहेब आला. तरुण पोरगा, मोटारसायकलवर आलेला, उन्हानं चेहरा लाल झालेला. वार सोमवार.

सांबप्पा वखारीच्या पायरीवर बसले होते. कुलूप लागलेलं. त्यांनी साहेबाला पाणी दिलं, कुलूप उघडलं, उखळ दाखवलं, लाट दाखवली, डबे दाखवले.

“छान आहे,” साहेब म्हणाला. “जरा चालू करा, आजोबा.”

“आज न्हाई. आज सोमवार.”

साहेबाला वाटलं वीज नसेल. त्यानं वर दिव्याकडं पाहिलं. दिवा चालू होता.

“फोटोत घाणा फिरताना दिसला पाहिजे,” तो म्हणाला. “नाहीतर मोबाईलमध्ये पुढचं पान उघडतच नाही.”

“उद्या या की. उद्या सकाळपासून फिरतो.”

“उद्या मी पूर्णेच्या पलीकडं आहे. आज चौदा ठिकाणं आहेत माझी. ह्या भागात परत महिन्यानं.”

रुद्राणी पुढं आली. तिनं सासऱ्यांना बाजूला, पेंडीच्या पोत्यांमागं नेलं. “मामा, एक घाणा. एकच. मी तुमच्या पाया पडते.”

“एक आन् शंभर सारखेच असतेत बाई.”

“मोटार आहे मामा ती. बैल नाही.”

“बैलाला न्हाई, मोटारीला न्हाई दिला मी सोमवार,” सांबप्पा म्हणाले. “बापाला दिलाय.”

साहेबानं खांदे उडवले आणि उभ्या लाटेचा फोटो काढला. मोबाईलवर काहीतरी दाबलं.

“काय लिवलं?” सांबप्पांनी विचारलं.

“दिसलं ते. कारखाना बंद.”

त्या दिवशी सांबप्पा ताठ मानेनं जेवले. आपण काहीतरी राखलं असं त्यांना वाटत होतं. मल्लम्मानं वाढलं. रुद्राणीनं ताट वाढून घेतलं आणि तशीच बसून राहिली. तिच्या भाकरीचा पहिला तुकडाही मोडला गेला नाही, हे त्यांनी पाहिलं, आणि मग आपली भाकर त्यांना गिळेना.

मंगळवारी सकाळी घाणा फिरू लागल्यावर ते बँकेत गेले. फाईल वर गेली होती. फेरतपासणी लागेल म्हणाले. ते चार वेळा गेले. चौथ्या वेळी काउंटरवरची बाई त्यांना आत येताना पाहून स्वतःच मान हलवू लागली.

पाडवा झाला. बन्सीधर आणखी पाच दिवस थांबला. सहाव्या दिवशी तो स्वतः वखारीत आला आणि खाली बघत म्हणाला, “आप्पा, शेतकरी माज्या दारात बसायलेत पैशाला. लातूरची गाडी आलीय. मी काय करू, तुमीच सांगा.”

“भर,” सांबप्पा म्हणाले. “तू जबान पाळलीस. वर पाच दिस दिलेस.”

पोती गाडीत चढेपर्यंत ते आडतीच्या दारात उभे राहिले. एका पोत्याला भोक होतं. आडतीच्या दारापासून गाडीपर्यंत पांढऱ्या बियांची बारीक रेघ पडली. गाडी गेल्यावर त्यांनी खाली बसून ती वेचली. ओंजळभर झाली. बन्सीधरचे हमाल बघत होते. कुणी हसलं नाही.

मग ते करडई शोधायला निघाले. एसटीनं गंगाखेड, तिथून राणीसावरगाव. रानोरान फिरले. “करडई?” शेतकरी म्हणत. “हरभरा म्हना, देतो. काटे कोन सोसतंय आता, आप्पा?” एका खळ्यावर एक म्हातारा मळणी करत होता. त्याच्याकडं दोन पोती होती आणि तीही सांगून ठेवलेली. पुण्याहून फोन येत. “काका, माल कधी?” सांबप्पा फोन रुद्राणीकडं देत.

“रोख हातात आली तर बाहेरच्या जिल्ह्यातून मागवता येईल, मामा,” रुद्राणी म्हणाली. “महाग पडेल, पण दुकान सुटायचं नाही. फेरतपासणी झाली पाहिजे.” आणि थोडं थांबून म्हणाली, “साहेबाचा निरोप आलाय. येत्या सोमवारी.”



सोमवारी सांबप्पा पहाटे उठले. अंघोळ केली, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केली, नेहमीपेक्षा लांब. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

“घरच्या तेलाची करडई काढ,” ते मल्लम्माला म्हणाले.

“तेवढीच उरलीय घरात.”

“ठावं हाय.”

“आन् आज सोमवार हाय.”

“ते बी ठावं हाय.”

मल्लम्मानं माळ्यावरून मडकं उतरवलं. बारा किलोला थोडी कमी होती. सांबप्पांनी रस्त्यावरून वेचलेली ओंजळ त्यात टाकली.

साहेब दहाला आला. सांबप्पांनी बटण दाबलं. लाट करकरली आणि फिरू लागली. साहेबानं मोबाईल वर धरला, अर्ध्या मिनिटात काम झालं.

“झालं आजोबा. करा बंद.”

“बंद न्हाई करता येत,” सांबप्पा म्हणाले. “सुरू झालेला घाणा पुरा करावा लागतो.”

साहेब गेला. घाणा तासभर फिरत राहिला. सोमवारचा तो आवाज गावानं कधी ऐकला नव्हता. शेजारचा शिंपी दुकान सोडून आला. बन्सीधर आला. चार बाया चौकटीत उभ्या राहिल्या. बन्सीधरच्या जिभेवर नेहमी काहीतरी असतं, पण त्यानं पागोटं काढून हातात धरलं, जसं मयताच्या घरी धरतात. सांबप्पा पाठमोरे बसून उखळात बी सारत होते. तेल उतरू लागलं तेव्हा त्यांनी पन्हाळीखाली डबा लावला. तोवर थोडं तेल मातीत गेलं होतं.

कर्ज मंजूर झालं. त्याला आणखी सव्वा महिना लागला. रुद्राणीनं मोबाईलवरचा निरोप वाचून दाखवला तेव्हा वैशाखाचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. तिनं लगेच पुण्याला फोन लावला. दुकानदार हळहळला. फार हळहळला. पण त्याचं गिऱ्हाईक थांबलं नव्हतं, आणि त्यानं दुसरीकडचं तेल सुरू केलं होतं. बाहेरच्या जिल्ह्यातली करडई गिरण्यांनी केव्हाच उचललेली होती.

“पुढच्या शिमग्याला मामा,” रुद्राणी म्हणाली. पण बँकेचा हप्ता शिमग्याची वाट बघणार नव्हता, हे दोघांनाही कळत होतं. तिनं पैसे उचललेच नाहीत. मंजुरीचा कागद तेवढा घरात राहिला. शिवकांतनं तिला पुण्याला बोलावून घेतलं. जाताना ती सासऱ्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

ज्येष्ठात एका सकाळी सांबप्पा पायरीवर बसले होते. वखारीला कुलूप होतं. आत फिरवायला काही नव्हतंच. मोटारीला विभूती लावून झाली होती. तेवढ्यात धुरपताबाई आली. लोकांच्या रानात खुरपायला जाणारी म्हातारी. डोक्यावर जवसाचं गाठोडं.

“आप्पा, काढून देता का तेल? पोरगी बाळंतीन हाय.”

“आज सोमवार हाय, धुरपता.”

“म्हनूनच आले की. बाकीच्या दिशी मला मजुरी असती.” तिनं गाठोडं पायरीवर टेकवलं. “लोक म्हनत्यात, आता तुमचा घाणा सोमवारी बी चालतो.”

सांबप्पांनी मागं वळून पाहिलं. दाराच्या फटीतून खुंटी दिसत होती, आणि खुंटीवरची झापडं. मग त्यांनी गाठोड्याकडं पाहिलं. एका घाण्याची मजुरी. थोडी पेंड.

त्यांनी कमरेची किल्ली काढली.

“चालतो,” ते म्हणाले. “आत आन.”

घरात मल्लम्मा पीठ मळत होती. मोटारीचा आवाज आला तसे तिचे हात थांबले. आवाज चालूच राहिला तशी तिनं परातीत पाण्याचा आणखी एक शिपका मारला आणि मळू लागली.