तिसरा ठिपका

जागेश्वर मिस्त्रीला एका जागी बसवत नसे. जेवतानाही त्याचा एक गुडघा हलत राही. "यायच्या पायाले भिंगरी बांधली हाय," असं त्याची बायको पंचफुला साऱ्या मोहल्ल्याला सांगे.

तुमसरला टेकचंद शेठच्या कारखान्यात तो पाइप जोडायचा. वेल्डिंगच्या रॉडला ओल लागलेली त्याला मुळीच खपत नसे; ओल्या रॉडचा जोड आतून कच्चा राहतो. रॉडच्या लाकडी पेटीत त्याने बल्ब लावून ठेवला होता. वीज गेली की पेटीतले पुडे थेट घरी, चुलीच्या बाजूला. दोन रॉड एकमेकांवर वाजवून तो कान देऊन ऐके. खणखणीत वाजले तर कोरडे, बद्द वाजले तर पुन्हा चुलीपाशी. "मिरच्याही वाजवून पाहा एकदा," पंचफुला चिडवायची.

खडूच्या खुणेवरही त्याचा भरवसा नव्हता. ती हाताने पुसते, रंगाखाली जाते. म्हणून जोड पुरा झाला की शेजारी तो पंचने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, दोन ठिपके ठोकायचा. दोन ठिपके म्हणजे जागेश्वर.

एका वर्षी चिखल्याच्या मँगनीज खाणीचं काम आलं. खाणीच्या तळातलं पाणी वर ओढायचे पाइप होते. तळाशी पंपावर बसायचा मंगरू, पंचफुलाचा धाकटा भाऊ. पाइप फुटला तर पहिलं पाणी त्याच्याच डोक्यावर.

त्यातच खंडेनवमी आली. शेठने हत्यारांबरोबर रॉडचा उघडा पुडाही पूजेच्या पाटावर मांडला. नारळ फोडायचा मान मिस्त्रीचा. जागेश्वरने नारळ फोडला आणि सगळं पाणी नेमकं पुड्यात गेलं. पूजा उठेपर्यंत पाटाला हात लावायचा नाही, म्हणून रॉड रात्रभर ओल्या झेंडूखाली पडून राहिले. दसऱ्याला सकाळी त्याने दोन वाजवून पाहिले. बद्द.

"सेठजी, थोडे सुकू द्या ना."

"परसाद सुकवतं काय बे? पहिला जोड यानंच मार."

सणासुदीला देवाच्या पाण्याविरुद्ध बोलायचं कसं? जागेश्वरने मुकाट्याने रॉड पकडला. तो फसफसला, ठिणग्या वेड्यावाकड्या उडाल्या. जागेश्वर प्रत्येक थरानंतर थांबला, खपली ठोकून काढली, ब्रशने घासून निरखून पाहिलं. जोड वरून देखणा झाला. आत काय, ते देवालाच ठाऊक. पण खाली देव थोडाच बसणार होता! हा जोड पुन्हा तपासायचा, ही खूण म्हणून त्याने दोन ठिपक्यांशेजारी तिसरा ठोकला. मग पेटीतले कोरडे रॉड काढून बाकीचे जोड भराभर उरकले, पण डोळा सारखा मागे त्या तीन ठिपक्यांकडे.

पाइप चिखल्याला गेले आणि याची झोप उडाली. घरात मंगरूचं नाव निघालं की हा ताटावरून उठायचा. शेवटी पंचफुलाने खोदून विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं. एरवी हसणारी ती या वेळी हसली नाही.

"माझा भाऊ हाय तो खाली. जाऊन पाहून या."

तो सायकलवर निघाला. पाइप अजून खाणीच्या तोंडाशीच पडून होते, लाल रंगाने माखलेले. तो वाकून नखाने रंग खरवडू लागला.

"भाऊजी, काय शोधून राहिले?" मंगरू धावत आला.

तीन ठिपके सापडले. जागेश्वर फोरमनकडे गेला: खाली सोडण्याआधी पाण्याचा दाब देऊन बघा. वेळ नाही, असं म्हणून फोरमनने हात झटकले. तेव्हा ज्याला कधी बसवत नसे, तो माणूस पाइपावर ठाण मांडून बसला. काही केल्या उठेना. वैतागून फोरमनने पाइपाची दोन्ही तोंडं बंद करवली, पाणी भरलं आणि हातपंपाने दाब चढवला.

तीन ठिपक्यांचा जोड ठणठणीत कोरडा राहिला. जागेश्वरने हात जोडले.

"भाऊजी, इकडे पाहा."

त्याच पाइपाच्या पुढच्या जोडातून पाण्याची बारीक धार लागली होती. शेजारी दोन ठिपके. त्याचेच. कोरड्या रॉडचा जोड, पण डोळा मागे ठेवून मारलेला.

"मंगऱ्या, म्या तुले बुडवलं असतं रे," तो म्हणाला आणि सगळ्यांसमोर रडला.

खाणीचंच वेल्डिंग मशीन मागून त्याने तो जोड कापून नव्याने मारला. थंड झाल्यावर दोन ठिपके ठोकले. हात थांबला. मग तिसरा ठोकला आणि रांगेतल्या पुढच्या पाइपावर जाऊन बसला. फोरमनला सगळेच तपासावे लागले.

त्यानंतर कारखान्यातून गेलेल्या त्याच्या प्रत्येक जोडाला तीन ठिपके असत. चिखल्याची हकिगत शेठच्या कानावर गेली होती. एकदा त्याने हसत विचारलं, "कायले रे? सारेच जोड परसादाचे काय?"

"नाई, सेठजी. खाली कोनाचा ना कोनाचा मंगरू बसलाच असते."