मार्केटिंगवाल्यांच्या जहाजावर चार दिवस

आयुष्यात एकदाच मी जहाजात बसले, आणि तेही समुद्र पाहायला नाही, धंदा वाढवायला. लाखनीत हे कुणाला सांगितलं की तो आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग हसतो. आता मीही हसते. तेव्हा मात्र परीक्षेला बसल्यासारखी गेले होते.

धंदा म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आमच्या वस्तीत तो अजूनही कुणाला कळलेला नाही. दुसऱ्याचा माल इंटरनेटवरच्या आपल्या पानावरून विकायचा. केसांचं तेल, इंग्रजी बोलायचे वर्ग, वजन उतरवणारा चहा, असलं काहीही. त्यावर चार चांगल्या ओळी लिहायच्या, फोटो टाकायचे, खाली लिंक द्यायची. त्या लिंकवरून कुणी घेतलं तर कमिशन आपलं. लिहायचं काम माझं. फोटो काढायचे आणि लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायची हे धाकट्या बहिणीचं. ती नर्सिंग शिकून घरी बसली होती, म्हणून मी तिला सोबत घेतलं, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. सात वर्षं आम्ही दोघी हायवेकडच्या खोलीत दोन मोबाईल आणि एक म्हातारा लॅपटॉप घेऊन बसलो. बाहेर ट्रकांचे हॉर्न आणि आत आमचं 'घरबसल्या कमवा'.

वडील शाळेत शिपाई होते. आमच्या बौद्ध वस्तीत पोरगी शिकली की लोक एकच विचारतात, ऑर्डर कधी येते? सरकारी नोकरीची. वडिलांचंही तेच. महिन्याच्या महिन्याला येते तेच खरं, बाकी सारी हवा, असं ते म्हणायचे. ते गेल्यावर मला वाटलं, आता हवेचंही काहीतरी करून दाखवू. पण सहाव्या-सातव्या वर्षी मी दमले होते. तेच तेल, तेच वर्ग, आणि विक्री दर महिन्याला थोडी थोडी उतरत चाललेली. सकाळी लॅपटॉप उघडायचा म्हटलं तरी हात जड व्हायचा.

अशात क्रूझची जाहिरात समोर आली. मुंबईहून गोवा आणि परत, जहाजभर सगळे ऑनलाइन मार्केटिंगवाले, बडे बडे लोक जेवायला शेजारी. खाली लिहिलं होतं, 'हा खर्च नाही, ही गुंतवणूक आहे.' हे वाक्य मी स्वतः निदान शंभर वेळा लोकांसाठी लिहिलं होतं. विकणाऱ्यालाच आपला माल विकला जातो तो असा. गच्चीवर खोली काढायला बाजूला ठेवलेले पैसे मी भरून टाकले.

त्याच आठवड्यात बहिणीची ऑर्डर आली. कंत्राटी होती, पण परिचारिकेचीच होती. नाकाडोंगरीकडचं एक उपकेंद्र, आणि तुमसरला जाऊन रुजू व्हायला सात दिवसांची मुदत. मुदतीचा शेवटचा दिवस सोमवार. सोमवारी माझं जहाज गोव्याला लागणार होतं.

ती कागद हातात घेऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, सोमवार आखरीचा दिवस हाये."

"सोमवारी सकाळी मी गोव्यावरून फोन करते," मी म्हटलं. "मोठं काम भेटलं तर कायले जातं त्या जंगलात? नाही भेटलं तर पाच वाजेपर्यंत टाइम हाये, तुमसरले जाऊन रुजू हो. तवरिक थांब."

"बरं," ती म्हणाली.

इतकंच बोलणं झालं. तिची नोकरी मी माझ्या जहाजाला बांधून टाकली आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. मोठ्या बहिणीला कुठलं वाटतं?

शुक्रवारी आईनं जवसाचे लाडू डबाभर बांधून दिले. बहीण स्टँडवर आली, नागपूरच्या बसमध्ये बॅग वर ठेवून दिली, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. बस हलेपर्यंत ती तिथंच उभी होती.

जहाजाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गालिचे होते, थंडी होती, गळ्यात नावाची पट्टी होती. समुद्र खिडकीबाहेर होता, पण पडद्यावर आकडे नीट दिसावेत म्हणून खिडक्यांचे पडदे ओढलेले. जहाज सुटल्यावर तासाभरात मोबाईलची रेंज गेली, आणि मग एवढी ऑनलाइन मंडळी फोन वर धरून डेकभर फिरत राहिली. मला त्या चार दिवसांत आलेलं खरं हसू तेवढंच. बाकीचं हसणं कामाचं होतं, आणि त्यानं माझे गाल दुखायला लागले होते.

जो भेटेल तो विचारायचा, "तुमची निश काय?" म्हणजे तुम्ही नेमकं कुठल्या गल्लीतलं विकता. आमच्याकडे अनोळखी माणूस आधी गाव विचारतो, मग आडनाव विचारतो, आणि आडनाव ऐकून कुठं बसायचं ते ठरवतो. त्या प्रश्नाचा मला जन्मभराचा कंटाळा. जहाजावर आडनाव कुणी विचारलं नाही. पहिल्या दिवशी मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की इथंही माणसं सरकूनच बसतात, फक्त विचारतात, "तुमची लिस्ट केवढी?" म्हणजे किती गिऱ्हाइकांचे नंबर तुमच्या हाताशी आहेत. माझी लिस्ट ऐकली की समोरच्याचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे जायचे. भंडारा म्हटलं की, "गोंदियाजवळ ना?" अरे, गोंदिया आमच्याच जिल्ह्यातून निघालं. पण हे सांगण्याइतका वेळ तिथं कुणाला नव्हता आणि माझ्यात तेवढा जोरही उरला नव्हता.

रविवारी दुपारी जेवताना एक गृहस्थ आमच्या टेबलावर येऊन बसले. पुण्याकडचे, देशभर वर्ग चालवणारे. सकाळी व्यासपीठावर तेच बोलले होते. मी धीर करून आमचं काम सांगितलं. दोघी बहिणी, मराठीत लिहितो, गावाकडच्या माणसाला पटेल असं लिहितो.

"अहो, असंच कुणीतरी हवं होतं," ते म्हणाले. "मराठीचं सगळं तुम्हीच बघा. समजा, काम तुमचंच. नक्की."

मी डबा काढला. इथं आमच्याकडची रीत सांगायला हवी. झाडीपट्टीत शब्द पक्का झाला की तोंड गोड करतात. सोयरीक असो, बैलजोडी असो, नाहीतर नुसती खोली भाड्यानं द्यायची असो. गुळाचा खडा का होईना, समोरच्याच्या हातावर ठेवायचा. त्यानं तो तोंडात टाकला की बोलणं संपलं. खाऊन फिरलेल्या माणसाच्या ओट्यावर पुन्हा कुणी बसत नाही. त्यांनी एक लाडू खाल्ला, वा म्हणाले, आणि आपल्या हातानं दुसरा घेतला. माझ्या अंगावरून सात वर्षांचं ओझं उतरलं. त्या रात्री मी गाढ झोपले.

सोमवारी गोव्याच्या बंदरात रेंज आली तशी मी फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं.

"त्यायनं सोताहून म्हटलं काय?" बहिणीनं विचारलं.

"सोताहून. काम तुमचंच म्हणे."

"अन् लाडू खाल्ला?"

"दोन खाल्ले."

"दोन?" तिनं पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाली, "मंग पक्कं हाये ताई. निवांत राह्य आता तू."

"अन् रुजू व्हायचं?"

"त्याची फिकर नको करू."

मला हवा तो अर्थ मी घेतला. बंदराबाहेर जाऊन मी तिच्यासाठी शिंपल्यांची माळसुद्धा घेतली.

दुपारी चारला जहाज सुटलं. लिखाणाचे नमुने कुठं पाठवायचे ते विचारायला मी वही घेऊन त्या गृहस्थांकडे गेले. ते चहा पीत चारपाच जणांत उभे होते. त्यांनी आधी माझ्या गळ्यातली पट्टी वाचली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"हां, बोला ना. तुमची निश काय म्हणालात?"

"मराठी लेखन. काल जेवताना आपलं बोलणं झालं. लाडू दिले होते मी."

"हो हो, लाडू मस्त होते. असं करा, आमच्या टीमला मेल टाका. नक्की काहीतरी करू." असं म्हणून ते शेजारच्या बाईंकडे वळले. त्या बाई हिंदीत काही सांगत होत्या. त्यांचं ऐकून ते म्हणाले, "समझिए, काम आपका ही है."

मी बाजूला झाले. माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे लाडू म्हणजे लाडू. चूक आमच्या रीतीची नव्हती आणि त्याचीही नव्हती. चूक माझी होती. जिथं कुणाचा ओटाच नाही तिथं मी ओट्याची रीत घेऊन गेले होते.

घड्याळात पाच वाजायला वीस मिनिटं होती. रुजू व्हायची वेळ पाचपर्यंत. घरून तुमसर गाठायला दोन तास, म्हणजे आता फोन लागून तरी काय होणार होतं? तरी मी वरच्या डेकवर पळाले. रेंज नव्हती. काउंटरवर जहाजाचं वायफाय विकत घेतलं, त्यातूनही मेसेज जाईना. गोल गोल फिरतच राहिला. पाच वाजले, सव्वापाच वाजले. लोक सूर्य मावळताना फोटो काढत होते. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो राग टाकायला दुसरं कुणी सापडेना. सात वर्षं जिला माझ्या खोलीत बसवून ठेवलं, तिच्या हातातला कागदही मी घालवला होता.

मंगळवारी मुंबईला उतरल्यावर फोन केला. वाजला, पण तिनं उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मला वाटलं, रुसली. रुसायलाच हवं. लिहून काय कळवणार? परतीच्या गाडीत मी सगळा वेळ वाक्यं जुळवत होते. जन्मभर दुसऱ्याच्या मालासाठी ओळी जुळवल्या, पण बहिणीची माफी मागायला एक धड ओळ सुचेना. बुधवारी सकाळी भंडारा रोडला उतरले आणि बसनं लाखनीला घरी आले. आई एकटीच होती.

"ती कुठं गेली?" मी विचारलं.

"डुटीवर. शुक्रवारीच रुजू झाली ना," आई म्हणाली. "तुले फोनवर नाही सांगितलं काय तिनं?"

मी बॅग न ठेवताच पायरीवर बसले. आधी जीव भांड्यात पडला. मग तापले. म्हणजे माझ्यावर या पोरीचा इतकाही विश्वास नव्हता? मी बसमध्ये चढायचा अवकाश, आणि ही निघाली?

दुसऱ्या दिवशी आईनं तिची गोधडी आणि डबा माझ्याकडे दिला आणि मी नाकाडोंगरीकडे निघाले. तीन बस बदलल्या. प्रत्येक बसमध्ये मी भांडणाची तयारी केली आणि प्रत्येक बस बदलताना थोडी थकले. उपकेंद्राच्या ओसरीत ती लहान लेकरांची वजनं घेत होती. अंगावर पांढरा कोट. आजूबाजूच्या बायका तिला 'सिस्टर' म्हणत होत्या. मला पाहून म्हणाली, "थांब ताई, दोन बाया राहिल्या."

मी थांबले. ती बायांशी बोलत होती, आणि तिचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. खोलीत ती माझ्याशी कधी इतकं ठाम बोलली नव्हती.

मग चहा घेऊन आम्ही ओसरीतच बसलो. सोमवारी तिनं माझा फोन इथूनच घेतला होता, मंगळवारचा मात्र कामाच्या गर्दीत राहून गेला होता.

"शुक्रवारीच गेली तू?" मी विचारलं.

"तुले बसवून देल्लं अन् तशीच तुमसरची बस धरली."

"मंग लाडवाचं कायले विचारलं मले?"

"तू बम खुश होती." ती कपाकडे पाहत म्हणाली. "अन् दोन खाल्ले म्हटलं तं मलेबी वाटलं, होऊन जाईन काम."

"झालं असतं तं?"

"तं तू केलं असतं. सुटीच्या दिवशी मी फोटो काढून देल्ले असते. नोकरी थोडी सोडली असती?"

जहाजावर काय झालं ते मी सांगितलं. ती हसली नाही. मला वाटलं होतं, हसेल.

"हे आधी सांगता नाही आलं तुले?" माझा आवाज चढला. "सोमवारी पाच वाजता काय हाल झाले माहे, माहीत हाये काय?"

तिनं कप खाली ठेवला. "शुक्रवारी सांगितलं असतं, का मी रुजू व्हाले चालली, तं तू गेली असती बोटीवर?"

"नसती गेली. कायले गेली असती?"

"हां. मंग जलमभर म्हटलं असतं तू, का मी मोठं काम घेऊन आली असती, पण या पोरीनं भरोसा नाही ठेवला. पैसे गेले तं गेले, ताई. ते ऐकणं मले नसतं झेपलं."

एक बाई लेकरू घेऊन फाटकातून आत आली आणि बहीण उठून तिच्याकडे गेली. मी गोधडी मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. ती म्हणाली ते खरंच होतं. मी तसंच म्हटलं असतं, एकदा नाही, दर सणाला म्हटलं असतं.