कोरड्या विटा

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी उभं आयुष्य डोक्यावर घमेली वाहिली. वाळू, खडी, कालवलेला माल, मुकादम भरून देईल ते. लोकांचे मजले चढत गेले आणि यांची मान बसत गेली. शेवटी डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, आता डोक्यावर ओझं घेतलंत तर हात निकामी होतील. दीर केव्हाच गेलेले. माझ्या नवऱ्याच्या कमाईत आमचंच कसंबसं भागायचं. आणि आमच्या तुकड्यावर जगतील त्या जाऊबाई कसल्या? शिवाय माझी जीभ त्यांना चांगली ठाऊक होती.

त्याच सुमारास वस्तीमागे सरकारी दवाखान्याचं बांधकाम निघालं. वस्तीतल्या बायकांना गवंडीकाम शिकवायचं आणि त्याच इमारतीवर कामाला लावायचं, अशी कंत्राटात अट होती. जाऊबाईंनी सगळ्यांच्या आधी नाव दिलं.

"या वयात थापी धरणार?" मी हसले.

"घमेल्यापेक्षा हलकी असते गं ती," त्या म्हणाल्या.

शिकवणी पत्र्याच्या शेडमध्ये चालायची. दिवसभर भिंत रचायची, मास्तरांनी तपासायची, संध्याकाळी पाडायची आणि विटा खरवडून पुन्हा थप्पी लावायची. सिमेंट नव्हतंच, नुसता मातीचा चिखल. मास्तरांच्या पदरात विटांचा एकच ढीग टाकलेला, तो पुढच्या सगळ्या तुकड्यांना पुरवायचा होता. ओल्या विटेला चिखल घट्ट चिकटतो, खरवडताना कडा उडतात. म्हणून शेडमध्ये विटेला पाण्याचा थेंब लावायचा नाही, हा मास्तरांचा दंडक. बायकांनी तो देवाज्ञेसारखा पाळला.

जाऊबाईंना त्या कामाचं असं वेड लागलं की घरात आमच्या नाकी नऊ आले. ओळंबा घरी आणायच्या, तोच तो, दोरीला बांधलेलं लोखंडी वजन. माझ्या स्वयंपाकघराची भिंत पोटातून फुगलीय, हे त्यांनी मला जेवायला बसल्यावर सांगितलं. मी त्यांचं नाव ओळंबाबाई ठेवलं. त्या रागावल्या नाहीत, उलट लाजल्या. इतक्या वर्षांत त्यांना लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू?

मग त्यांना खऱ्या इमारतीवर घेतलं. वरच्या मजल्यावर दोन खोल्यांमधली आडभिंत या बायकांकडे दिली. माल सिमेंटचा होता. सिमेंटच्या कामाला वीट आधी पाण्यात भिजवावी लागते, नाहीतर कोरडी वीट मालातलं सगळं पाणी पिऊन टाकते आणि सांधा भुसभुशीत राहतो. हे आता मलाही माहीत आहे. तेव्हा त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. जुने गवंडी पलीकडे विड्या ओढत बघत होते. आपल्या पोटावर पाय द्यायला आलेल्या बायकांना ते कशाला शिकवतील? पाण्याचं पिंप तिथेच होतं. जाऊबाईंनी त्यात फक्त हात धुतले आणि शेडमध्ये शिकवल्याप्रमाणे कोरड्या विटांची भिंत रचली. ओळंब्याला चोख होती.

काही दिवसांनी वायरमनने त्या भिंतीला शिडी लावली आणि वर चढला. भिंत सरळ आडवी झाली. त्याचा पाय विटांखाली सापडला. तो आजही काठी घेऊन चालतो.

साइटवरच्या साहेबाने बायकांची थापी काढून घेतली. मास्तर खाली मान घालून म्हणाले, "मी सांगायला हवं होतं. पण विटा फुटल्या असत्या तर दुसऱ्या कुठून आणल्या असत्या?" मला त्या म्हाताऱ्याचं तोंड रंगवावंसं वाटलं, आणि त्या विड्या ओढणाऱ्यांचंही.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई चुंबळ घेऊन निघाल्या. त्याच इमारतीवर, घमेली उचलायला.

"जाऊबाई, डॉक्टर काय म्हणालेत?" मी दारात आडवी उभी राहिले.

"डॉक्टर जेवायला घालणार आहेत का? हो बाजूला."

मी बाजूला झाले. घरी बसा, आम्ही घालू जेवायला, असं म्हणायला माझ्या घरातही काही नव्हतं. त्यानंतर त्यांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मग त्यांच्या हातातून ताट निसटायला लागलं. मी त्यांची वेणी घालून द्यायला लागले.

दवाखाना पुरा होत आला तेव्हा बायकांना शिकवायच्या योजनेचे अधिकारी बघायला येणार असं ठरलं. कामावर शिकलेल्या बायका दिसायला हव्यात, म्हणून साहेबाने निरोप पाठवला. जाऊबाईंनी धुतलेली साडी नेसली. मीही त्यांच्यासोबत गेले. कुंपणाची भिंत होती. या खेपेला विटा पिंपात भिजत घातलेल्या होत्या आणि जुन्या गवंड्याने स्वतः माल कालवून दिला. अधिकारी येऊन उभे राहिले. जाऊबाईंनी थापी उचलली, ती खाली पडली. त्यांनी वाकून पुन्हा घेतली, ती पुन्हा पडली. मग त्यांनी दोन्ही हातांनी धरून पाहिली.

"बघितलंत ना?" साहेब अधिकाऱ्यांना म्हणाला. "आपण शिकवतो, संधी देतो. यांनाच काम नको असतं."

अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि ते पुढच्या भिंतीकडे गेले.