साळूबाईला न पुरलेला अंतरपाट

उस्मानपुऱ्यातल्या त्या गल्लीत कुणाचं लग्न ठरलं, की ते आधी साळूबाईच्या शिलाई मशीनला कळतं आणि मग नवरदेवाला. जरा वाढवून सांगितलं. पण फार नाही. साळूबाई साड्यांना फॉल-पिको करते. एखाद्या घरातून भारीतल्या साड्या एकदम आल्या, की ती दोऱ्याचा रंग जुळवता जुळवता सहज विचारते, "पोरगी कुठं दिली?" समोरची म्हणते, "अगं, अजून कशात काय नाय!" ती बिचारी घरी पोचेपर्यंत गल्लीच्या टोकाचा किराणावाला तिला अभिनंदन म्हणतो.

पण साळूबाईचं खरं नाव झालं ते अंतरपाटामुळं. गल्लीतल्या कुठल्याही लग्नात नवरा-नवरीच्या मधे जे कापड धरलं जातं, ते साळूबाईच्या हातचंच असायचं. दुसरीकडून आणलं तर लग्न लागतं, पण गल्लीला लागल्यासारखं वाटत नाही.

अंतरपाटाचा सगळा इतिहास तिच्या बोटांत आहे. पूर्वी मामाच्या खांद्यावरचं उपरणं नाहीतर धुवट धोतर चालायचं. दोघांनी दोन टोकं धरली, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झाला अंतरपाट. लग्न लागलं की मामा तेच उपरणं झटकून खांद्यावर टाकायचा आणि स्वस्तिकाचा डाग मिरवत आठवडी बाजार करायचा. मग टेरिकॉट आलं, मग सॅटीन, मग गोंडे, मग मोती. आता तर दोघांची नावं, तारीख, मोर, आणि एका इंजिनियर पोराच्या हट्टापायी मधोमध बुलेट मोटारसायकलसुद्धा. साळूबाईनं तीही काढून दिली. फक्त म्हणाली, "बाबा, मुहूर्ताला पोरीकडं बघशील ना, का गाडीकडंच?"

गोंडे आणायला ती शहागंजात जाते ते दुकान सेहऱ्यांचं. तिथले म्हातारे चाचा म्हणायचे, "आपा, हमारे यहाँ दूल्हे के मुँह पे फूल, तुमच्याकडं मधात कपडा. बात एकच, जल्दी मत देखो." साळूबाईला हे पटलं होतं. ती सांगायची, मुंडावळ्या काय, डोईवरचा पदर काय, अंतरपाट काय, सगळी थांबायची सोय आहे. बघायला मिळणारच असतं, पण जरा दम धरून. तेवढ्या वेळात माणूस देवाचं नाव घेतो, नाहीतर पळून जायला दार कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवतो.

आणि गंमत बघा, अशा या अंतरपाटवालीच्या स्वतःच्या लग्नात अंतरपाट नव्हता.

तिचा नवरा फकिरा कन्नडच्या घाटाकडचा, मेंढरांमागं वाढलेला. आता एका गोदामावर वॉचमन आहे, तरी थंडीत गणवेशावर घोंगडी टाकूनच जातो. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा दुष्काळाचं साल होतं, म्हणून दोन्ही घरांनी सामुदायिक विवाहात नाव घातलं. मांडवात जोडप्यांची रांग, आणि रांगेच्या मधोमध धरायला मांजरपाटाचा, म्हणजे साध्या जाडसर सुती कापडाचा, एकच लांबच लांब तागा. ऐनवेळी एका जोडप्याची भर पडली, रांग सरकली, आणि तागा शेवटच्या जोडप्याच्या अलीकडंच संपला. शेवटचं जोडपं म्हणजे फकिरा आणि साळू.

सगळ्या मांडवात ही दोघंच समोरासमोर, उघडी. भटजी मंगलाष्टकं म्हणतायत, अक्षता पडतायत, आणि बघायचं कुठं हे दोघांनाही कळेना. ती त्याच्या पायांकडं बघत होती, तो लाऊडस्पीकरकडं. तेवढ्यात एक अक्षत त्याच्या भुवईत अडकली. हातात हार, काढणार कशी? गडी भुवई वर-खाली, वर-खाली करून ती पाडायला बघू लागला. साळूनं नेमकं तेव्हा वर पाहिलं. तिला हसू फुटलं. ते बघून त्यालाही. 'सावधान' म्हणेपर्यंत दोघं ओठ चावून उभी.

"आधीच तोंड बघून बसलेली!" सासूनं हे शेवटपर्यंत ऐकवलं. साळूबाईनं ते हसण्यावारी नेलं. पण कुणाचाही अंतरपाट शिवताना ती टोकापासून टोकापर्यंत पुन्हा पुन्हा मोजायची. आपलं कापड कुणाला अपुरं पडायला नको.

होता होता तिची एकुलती एक लेक लग्नाला आली. संस्कृती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला; तिचा होणारा नवरा सत्यम मूळचा कन्नडचा, वाळूजच्या कंपनीत. दोघं रोज व्हिडिओ कॉलवर बोलतात. गल्लीतल्या बायकांनी तिला छेडलंच, "अगं, त्याच्या नाकातले केससुद्धा पाठ झाले असतील तुला! आता कशाला हवा अंतरपाट?"

संस्कृती म्हणाली, "रोज बघते, मावशी. पण बघायचं नाही असं म्हटल्यावर बघायची मजा वेगळी. आणि माझा अंतरपाट आई शिवणार आहे."

माशी शिंकली ती बस्त्याच्या दिवशी. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडं एकत्र बसून घ्यायची, दोन्हीकडच्या माणसांनी. शहागंजातल्या दुकानात गाद्यांवर सगळे बसलेले. सत्यमकडून आली होती त्याची आत्या, चतुराबाई. आईमागं पोराला हिनंच वाढवलेलं, त्यामुळं मान सासूचा आणि आवाजही सासूचाच. चहा आला, फकिरा खुशीत आला, आणि त्यानं भुवईतल्या अक्षतेची गोष्ट रंगवून सांगितली. सगळं दुकान हसलं.

चतुराबाई हसली नाही. कप खाली ठेवून म्हणाली, "म्हंजी तुमचं लगीन कापडाबिगर लागलं. आन जिच्या लग्नात अंतरपाट नाय, तिच्या हातचा अंतरपाट आमच्या सत्यमच्या लग्नात? बरं दिसतं का वो, विहीणबाई? शकुन-अपशकुन काय हाय का नाय?"

फकिराची भुवई वर गेली ती तिथंच राहिली.

घरी आल्यावर तो दारात चपला काढताना म्हणाला, "संस्कृतीची माय, मी लई बोललो."

"खरं तेच बोललात." एवढंच म्हणून साळूबाईनं मशीनवर चादर टाकली.

संस्कृती चिडली. "गल्लीतल्या सगळ्या पोरींना तुझ्या हातचा, आणि मला दुकानातला? तुझ्या अंतरपाटानं कुणाचं वाईट झालंय, सांग ना!"

खरंच कुणाचं झालं नव्हतं. बुलेटवाल्यानं बुलेट विकली होती, पण बायको अजून होती.

"तसं नाय गं," साळूबाई म्हणाली. "माझा कुठं इश्वास हाय त्यावर? पर उद्या तुमच्या घरात भांड्याला भांडं लागलं, तर त्यांचं बोट त्या कापडाकडं जाईल. मला बोललेलं चालंल. तुला ऐकावं लागंल, ते नाय चालणार."

यावर गल्लीकडं उत्तरं पुष्कळ होती, पण कुणी विचारलं नाही.

मशीनवरची चादर निघेना. बाकीच्या बायकांच्या साड्या गठ्ठ्यानं पडून राहिल्या. फक्त चतुराबाईच्या मानाच्या साडीला साळूबाईनं हातानं फॉल लावला, बारीक टाक्यांनी, आणि ती पिशवीत घालून एक दिवस सकाळच्या एसटीनं कन्नडला गेली. फकिराला सांगितलं, साडी द्यायला चालले. फकिरा म्हणाला, "मी येऊ?" ती म्हणाली, "तुम्ही लई बोलता."

चतुराबाई ओट्यावर मिरच्या निवडत होती. हिला पाहून म्हणाली, "येवढ्या लांब साडी द्यायला आल्या, म्हंजी भांडायला आल्या."

"भांडायला येणारी फॉल लावून आणंल का?"

चतुराबाईनं साडी उलटी करून टाके पाहिले. बराच वेळ पाहिले. मग आत जाऊन पाणी आणलं.

साळूबाई म्हणाली, "बाई, मी तुमचा शकुन मोडत नाय. तुमच्या लग्नात अंतरपाट होता ना? मग लेकराचा अंतरपाट तुम्हीच शिवा. कापड मी देते, माप सांगते. दुकानातला तेवढा नको. पोरीचा जीव हाय त्याच्यात."

चतुराबाई उठली. पत्र्याच्या पेटीतून एक घडी काढून आणली. पिवळट पडलेलं पांढरं रेशीम, त्याला जांभळी जरीची किनार. "माझ्या मामानं आणलेला. गावात असा अंतरपाट कुनी बघितला नव्हता."

"लई सुंदर हाय."

"सुंदर व्हताच." ती घडीवरून हात फिरवत राहिली. "कापड बाजूला झालं. समदे टाळ्या वाजवायले, आन मालक बघायले भटजीकडं. मंग माझ्या भावाकडं. मंग पंगतीकडं. मी आपली मान खाली घालून उभी, आता बघतील, मंग बघतील. मानूस वाईट नव्हतं हो. कव्हा हात उचलला नाय, उपाशी ठिवलं नाय. पर नीट नजर वर करून माझ्याकडं पाह्यलं कव्हा, ते आजबी आठवत नाय. गेले तरीबी नाय आठवलं."

ओट्यावर मिरच्यांचा ठसका होता, त्यामुळं डोळे पुसायला दोघींनाही कारण मिळालं.

"त्या दिशी दुकानात तुमचे मालक सांगायले, तव्हा तुमच्याकडंच बघायले व्हते," चतुराबाई म्हणाली. "समदी गोष्ट तुमच्याकडं बघून. मला काय झालं कुनास ठाऊक. तोंडातून गेलं."

साळूबाईनं निवडायला मूठभर मिरच्या पुढ्यात ओढल्या.

जरा वेळानं चतुराबाईनंच विचारलं, "खरंच भुवई उडवायले व्हते?"

"अजून उडवतात की. लाईटबिल आलं का उडवतात."

चतुराबाई हसली. आधी नाकातून, मग सगळ्या अंगानं, मिरच्या सुपातून खाली पडेपर्यंत. मग तिनं कात्री आणली आणि साळूबाई नको नको म्हणत असताना त्या अंतरपाटाची जरीची किनार कापून तिच्या मांडीवर ठेवली. "ही वरून जोडा. शिवायचा तुमीच. आन एक टोक मी धरीन. बाईनं कसं धरायचं म्हनून कुनी बोललं, तर त्याच्याकडं मी बघते."

संध्याकाळी मशीनवरची चादर निघाली. आवाज ऐकून गल्लीनं सुटकेचा श्वास सोडला. ज्यांच्या साड्या अडकल्या होत्या, त्यांनी दोन सोडले.

ब्लाऊजचं माप घ्यायचं म्हणून साळूबाईनं लेकीला पाटावर उभं केलं आणि टेप थेट कपाळाला लावली. संस्कृती म्हणाली, "आई, ब्लाऊज डोळ्यांपर्यंत येणार आहे का?" "गप उभी राहा," साळूबाई म्हणाली.

लग्नाचा दिवस उजाडला. मंगल कार्यालयात गर्दी. साळूबाईनं स्वतःच्या बोटानं अंतरपाटावर स्वस्तिक काढलं. एक टोक धरलं तिच्या भावानं, रामकिसननं, दुसरं चतुराबाईनं. वर जांभळी जरीची पट्टी, खाली पांढरं शुभ्र कापड. मांजरपाटच होता, साळूबाईनं मुद्दाम घेतलेला. चतुराबाईनं कापड असं ताणून धरलं होतं, की त्यावर पापड वाळत घालावेत.

मंगलाष्टकं सुरू झाली. आणि चतुराबाईला ते दिसलं.

जरीची पट्टी आणि मांजरपाट यांच्या जोडावर, बरोबर नवरीच्या डोळ्यांसमोर, शिलाई थांबली होती. चांगली वीतभर सोडून पुढं परत सुरू झाली होती. दोरा तुटलेला नव्हता. दोन्ही कडांना पिको केलेली, अगदी निगुतीनं. कापड ताणलेलं असल्यामुळं ती फट मिटून गेली होती. लांबून कुणाला दिसणं शक्यच नव्हतं.

चतुराबाईनं मान वळवून साळूबाईकडं पाहिलं. साळूबाई लेकीच्या मागं उभी होती. तिनं काही खूण केली नाही. नुसती बघत राहिली, जशी परीक्षेचा निकाल लागायची वाट बघतात तशी.

चतुराबाईनं हात सैल सोडला.

कापड मधे झोळ खाऊन जरा खाली आलं आणि फट ओठांसारखी उघडली. संस्कृतीनं दचकून पाहिलं. पलीकडं सत्यमची हनुवटी होती. साळूबाईनं लेकीचं माप घेतलं होतं, जावयाचं घ्यायला विसरली होती, आणि पोरगं चांगलं उंच. पण त्यालाही उजेड दिसला असावा. तो हळूच गुडघ्यात वाकला. पाहुणे म्हणाले, किती नम्र मुलगा, बघा मंगलाष्टकांना कसा वाकतोय!

"आत्याबाई, कापड नीट धरा, खाली आलं," भटजी म्हणाले.

"हात भरून आला, महाराज. तुमी म्हना तुमचं."

रामकिसननं आपली बाजू ओढून झोळ काढायला पाहिलं. चतुराबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानंही हात सैल केला.

कापडाच्या अलीकडं संस्कृतीचे खांदे हलू लागले. मामीला वाटलं, पोरगी रडते आहे, म्हणून तिनं पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात पलीकडूनही फसकन आवाज आला. सत्यमलाही हसू आवरत नव्हतं.

अक्षता वाटत फकिरा बायकोच्या शेजारी येऊन थांबला. त्यानं लेकीच्या खांद्यावरून ती फट पाहिली. खाली वाकून कानात म्हणाला, "संस्कृतीची माय, जोड उसवला की काय?"

"उसवला नाय. शिवलाच नाय."

फकिरानं मुठीतल्या अक्षतेचा एक दाणा उचलून आपल्या भुवईत ठेवला आणि तिच्याकडं तोंड केलं.

"अवो, लोक बघायलेत," साळूबाई म्हणाली, आणि 'सावधान' म्हणेपर्यंत ओठ चावून उभी राहिली.